न बुडवलेली नाव

होळीची राख थंड झाली की आमच्या अंगणात चालायला जागा उरत नसे. परतवाड्याहून सागाच्या फळ्या येत, भिंतीला टेकून उभ्या राहत, आणि न्हाणीकडे जायचं तर त्यांच्याखालून वाकून जावं लागे. माय दरवर्षी त्याच शब्दांत कुरकुर करी, "घर आमचं हाये का या लाकडाचं, ते एकडाव सांगून द्या." फळीवरून तळहात फिरवायचा, नाक जवळ नेऊन वास घ्यायचा, बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचं आणि पाच-सहांतली एखादी फळी बाजूला काढायची, असा बाबांचा सकाळभर कार्यक्रम चाले. बाजूला काढलेली फळी नावेची. उरलेल्यांच्या चौकटी होत, दारं होत, बाजांचे पाय होत. गावच्या सुताराला सगळ्यांचीच कामं करावी लागतात, तशी बाबाही करत. पण जीव होता तो नावेत. पूर्णेच्या काठावरच्या आठ-दहा गावांत नाव हवी असली की माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसे आणि चहा झाल्याशिवाय विषय काढत नसे.

आमचं गाव नदीच्या अलीकडे, अकोल्याचा रस्ता पलीकडे. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळूचा पट्टा आणि मध्ये पिंडरीभर पाणी. बैलगाड्या खुशाल जात. पावसाळ्याचे चार महिने मात्र नावेवाचून सुटका नव्हती. बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे, लेकीबाळींची सासरं पलीकडे. विहिरींचं पाणी खारट, असा आमचा सगळा पट्टा. म्हणजे प्यायलाही नदीच. नदी देते तेवढं घेते, असं आमच्याकडे म्हणत, आणि म्हणताना कोणी फार विचार करत नसे.

इकडच्या बाकीच्या नावा फळीला फळी भिडवून केलेल्या, सपाट अंगाच्या. आमच्या घरची रीत चढाची. खालच्या फळीच्या काठावर वरची फळी दोन बोटं चढवायची, छपरावर कवेलूवर कवेलू बसतं तशी, आणि त्या दोन बोटांतून खिळा आरपार ठोकून आतल्या बाजूने त्याचं टोक मुरडून टाकायचं. बाकीचे सुतार आधी सांगाडा उभा करून त्याला फळ्या मारत. आमच्याकडे फळीवर फळी चढत जाई, नाव हळूहळू पोट धरी, आणि आतल्या आडव्या पट्ट्या सगळ्यात शेवटी बसत. मापं कुठे लिहिलेली नव्हती. पहिली फळी दुसरीला आकार देते, दुसरी तिसरीला, एवढंच बाबा सांगत. ही रीत आजोबांना कोणी शिकवली, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नदीनंच देल्ली असन." बाबांना पोहता येत नव्हतं, हेही इथेच सांगून टाकते.

त्यांना मुलगा नव्हता, म्हणून नावेच्या आत बसायचं काम माझ्याकडे आलं. माझं कागदावरचं नाव विमल, पण वऱ्हाडात दर दोन घरांआड एक बेबी असते, तशी मी आमच्या घरची बेबी. बाबा बाहेरून हातोडा मारणार, मी आतून लोखंडी ठोकळा खिळ्याच्या टोकाशी रेटून धरणार, म्हणजे टोक वळून परत लाकडात घुसे. आत बसलं की बाहेरचं काही दिसत नाही. नुसता आवाज. पहिला ठोका बोदा, दुसरा जरा घट्ट, तिसऱ्याला खणखण. चौथा ठोका ठोकळ्यातून थेट माझ्या कोपरापर्यंत येई. आवाजावरून मला कळे की बाबा आज खुशीत आहेत की माय काही बोलली आहे. मैत्रिणी हसत, "तुही माय तुले भाकरी शिकवत नाई का वो?" भाकरी मला येत होती. पण सांगायला कशाला पाहिजे, असा मला तेव्हा फार ताठा होता.

दोन फळ्यांच्या चढात कापसाची वात बसे, आणि ते काम घरातल्या बायकांचं. देवाच्या वातीसारखीच वात, फक्त हातभर लांब. माय आणि मी दुपारभर मांडीवर वाती वळत बसायचो, मग त्या जवसाच्या तेलात आणि राळेत बुडवून काढायच्या. बोटांचा चिकटपणा दोन-दोन दिवस जात नसे. भाकरीला वास, केसांना वास, वहीच्या पानांना वास. नाव पुरी होईपर्यंत बाबा तिला एक दिवसही उघडी ठेवत नसत. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन म्हणजे लाकडातलं होतं-नव्हतं ते पिऊन टाकणारं. रोज दिवस कलला की नावेवर पाणी शिंपायचं आणि ओली पोती पांघरायची. "लाकूड तहानलेलं असते," बाबा म्हणत. "त्याले पानी पाजल्याबिगर त्याच्याकून काम घेऊ नये."

आणि नाव झाली की ती बुडवायची. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण चढाच्या नावेची रीतच ती. मृगाच्या आधी, नदी अजून शांत असताना, नाव डोहात न्यायची, हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि आत दगड भरून तिला तीन दिवस पाण्याखाली ठेवायची. लाकूड फुगतं, वात फुगते, चढातल्या फटी मिटतात. तीन दिवसांनी दगड काढून, पाणी उपसून नाव वर आणली की मग तिच्यात थेंब येत नाही. आमच्याकडे याला नावेनं पाणी पिणं म्हणत. त्या पहिल्या दिवशी काठावर रोडगे असत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वरून तूप, सोबत वांग्याची भाजी, आणि गाव जेवायला. नाव घेणारा नावाडी मानाचा. त्याचं पान बाबा स्वतः वाढत आणि म्हणत, "नाव पान्यात टाकली, आता तुमी जेवा." लग्नातल्या मुलीच्या बापासारखे ते त्या दिवशी वागत, सगळ्यांशी नम्र आणि आतून फार घाबरलेले.

अमरावतीला आमच्या घराजवळच्या तलावावर आता बदकाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या नावा आल्या आहेत. सून मला एकदा हौसेने घेऊन गेली. मी त्यात बसले नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतोच, खोटं नव्हतं ते. पण खोटं कसं सांगावं हे मला चांगलं येतं, आणि त्याचीच गोष्ट आज लिहायला बसले आहे.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी रिकामी होते. आमच्याच गावचे नावाडी गोविंदकाका भोई यांची नाव आदल्या पावसाळ्यात तळातून कुजली होती. त्यांना मृगाच्या आधी नवी हवी होती. दोन्ही बाजूंना सात-सात फळ्या चढवायच्या, त्यातल्या पाच-पाच झाल्या होत्या. दुपारची वेळ होती. बाबा नेहमी दुपारी काम बंद करत, पण त्या दिवशी सहावी फळी वाकवून ठेवली होती आणि ती परत सरळ होईल म्हणून त्यांना घाई. मी आत होते. पहिला ठोका बोदा, दुसरा घट्ट, तिसरा आलाच नाही. मी ठोकळा धरून बसले. वाटलं पाणी प्यायला गेले. घाम डोळ्यांत उतरत होता, हात भरून आला होता, आणि मी चिडून ओरडले, "बाबा, माहा हात तुटून राहिला." किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील. ती पाच मिनिटं बाबा नावेच्या पलीकडे, माझ्यापासून एका फळीच्या अंतरावर, मातीत पडले होते. मी डोकं वर काढून पाहिलं तर हातोडा त्यांच्या मुठीतच होता आणि ओठ एका बाजूला ओढले गेले होते.

बैलगाडीत गवत घालून त्यांना नदीच्या वाळूतून पलीकडे नेलं, तिथून अकोल्याला. माय त्यांच्यासोबत राहिली. लकवा. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली, समज शाबूत आहे, असं दवाखान्यात सांगितल्याचा निरोप आला. समज शाबूत आहे हे ऐकून मला फार आनंद झाला होता. त्या तीन शब्दांचा अर्थ मला पुढे कळला.

मायचा भाऊ दिगूमामा बडनेऱ्याहून धावत आला. बडनेऱ्याला त्याचं फर्निचरचं दुकान होतं. रेल्वे क्वार्टरांतल्या लोकांची कपाटं, शोकेस, पलंग तो करी. हात इतका साफ की त्याच्या कपाटाच्या दारातून कागदाचा कपटा सरकत नसे. दुकान बंद ठेवून, दवाखान्यात बाबांचा हात हातात घेऊन तो म्हणाला होता, "भाऊजी, नावीची फिकर करू नका. मी हाये." बाबांनी डोळे मिटले. मामाला तो होकार वाटला. मलाही माय नंतर हेच म्हणाली, की हो म्हणाले. माणूस बोलत नसला की आपण त्याच्या तोंडी आपल्याला हवं ते घालतो.

मामा वाईट माणूस नव्हता. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणालाही तसं वाटेल. बाबा अंथरुणाला खिळल्यावर त्यानेच मला बडनेऱ्याला ठेवून घेतलं, शिकवलं, त्याच्यामुळे मी शिक्षिका झाले. पण चढाची नाव त्याने कधी केली नव्हती आणि त्याला ती आवडलीही नाही. अंगणात तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "हे काय, पायऱ्या केल्यासारखं. अंग कसं सफाईदार पाहिजन." उरलेल्या चार फळ्या त्याने आठ दिवसांत बसवल्या, नीट बसवल्या, खिळ्यांऐवजी स्क्रूने. मी वाती वळून समोर ठेवल्या तर हसला. "बेबी, नावीत दिवे लावाचे हायेत का?" वातीच्या जागी त्याने लांबी भरली, कपाटाच्या फटीत भरतात ती. रोज दिवस कलला की मी पाण्याची बादली घेऊन जाई, तर तो म्हणे, "राहू दे, लांबी वायली पाहिजन. पानी मारू नको." मी बादली तुळशीत ओती. पोती वाळून कडक झाली. नाव दोन आठवडे वैशाखात उघडी उभी होती, आणि बाबांच्या खालच्या फळ्यांमधल्या फटी मला रोज थोड्या जास्त दिसत होत्या. मग मामाने वरून हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि फटी दिसायच्या बंद झाल्या. गाव बघायला आलं. अशी देखणी नाव गावाने पाहिली नव्हती.

मी एकदाच बोलले. चुलीपुढे बसून मामाच्या ताटात भाकर वाढता वाढता म्हणाले, "मामा, तिले तीन दिवस पान्यात बुडवा लागते."

"नवी नवरी मांडवातून निघाली का तिले कोनी हिरीत लोटते का?" मामा म्हणाला. "रंग हाये त्याच्यावर, पोट्टे. रंग खराब होते."

"बाबा बुडवते."

"तुह्या बाबाजवळ लांबी नव्हती, म्हनून बुडवत होते. खा आता."

मी खाल्लं. माझ्या आईचा भाऊ, आपलं दुकान बंद करून आलेला, घामाने भिजून आमचं काम करणारा. त्याला उलटून बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचीही खात्री नव्हती. मॅट्रिकला भौतिकशास्त्र होतं मला. लाकूड फुगतं हे पुस्तकात होतं. पण ऑइलपेंट दिलेली, लांबी भरलेली नाव बुडवावी लागते की नाही हे पुस्तकात नव्हतं. विचारायचं तर बाबांना, आणि बाबा तर पलीकडे.

मग एका सकाळी उठलो तर नदीला लाल पाणी. आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता, पण वर मेळघाटात झाला असावा. वाळूचा पट्टा रात्रीतून गेला होता, गाड्यांची वाट गेली होती. त्याच सकाळी पलीकडून एकाने हाळी देऊन निरोप सांगितला, की मिस्तरीला दवाखान्यातून सोडलं, दुपारपर्यंत गाडी काठाला येते. मला आठवतं, मी परात तशीच टाकून अनवाणी काठाकडे पळाले होते. एकवीस दिवस झाले होते. एकवीस दिवस मी बाबांना पाहिलं नव्हतं.

मामाने चार माणसं लावून नाव काठावर आणली. गोविंदकाका तिथेच उभे होते. उंच, कोरडे, कमी बोलणारे. त्यांनी हिरव्या रंगावरून बोट फिरवलं, वास घेतला, मामाकडे पाहिलं आणि विचारलं, "पानी पिली का नाव?"

"सारं झालं, काका," मामा म्हणाला. "एकदम टाइट हाये."

गोविंदकाकांनी त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे वळले. मिस्तरीची पोर, नावेच्या पोटात बसून वाढलेली. "बेबी, तू सांग. पिली का?"

पलीकडच्या काठावर गाडी येऊन थांबलेली दिसत होती. बैल सोडले होते. गाडीखाली सावलीला कोणीतरी आडवं होतं आणि एक बाई पदराने वारा घालत होती. नाही म्हटलं असतं तर गोविंदकाकांनी तिथल्या तिथे दगड मागवले असते. तीन दिवस. तीन दिवस बाबा त्या गाडीखाली, नाहीतर कोण्या परक्याच्या ओट्यावर, आणि मामा सगळ्या गावासमोर खोटा. हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं असं म्हणवत नाही. मला बाबा पाहिजे होते. मी मान हलवली. हो.

जाताना आम्ही तिघंच होतो, गोविंदकाका, मामा आणि मी. तळात थोडं पाणी आलं. गोविंदकाका म्हणाले, नव्या नावेत येतं थोडं, आणि डबा माझ्या हातात दिला. पलीकडे पोचलो तर बाबा गाडीखालून माझ्याकडे पाहत होते. तोंड वाकडं झालेलं, दाढी वाढलेली, पण डोळे त्यांचेच. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मग त्यांची नजर नावेकडे गेली, हिरव्या रंगाकडे, आणि तिथेच थांबली. माय म्हणाली, "पाहा, दिगूनं कशी केली." त्यांनी घशातून एक आवाज काढला. मायला वाटलं शाबासकी.

वाकळ टाकून त्यांना नावेच्या तळात निजवलं. माय त्यांच्या उशाशी. बाजाराला गेलेली आमच्या गावची तीन माणसं सकाळपासून पलीकडे अडकली होती, तीही बसली. भार पडला तशी नाव खाली बसली आणि बाबांच्या पाचही फळ्या पाण्यात गेल्या.

नदीच्या मधे येईपर्यंत वाकळ भिजली. पाणी कुठून एका जागेवरून येत नव्हतं. चढाच्या प्रत्येक रेषेतून, दोन्ही बाजूंनी, नावेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झिरपत होतं. मी डब्याने उपसत होते, मामा घमेल्याने, बाजारची माणसं लोट्याने आणि टोपीने. माय बाबांचं डोकं मांडीवर उचलून धरून देवाचं नाव घेत होती. बाबा मात्र फळीकडे पाहत होते. त्यांचा चेहरा फळीपासून वीतभर दूर होता. त्यांनी डाव्या हाताने चढात बोट घातलं आणि वात ओढली. ती सळकन बाहेर आली. पाणी प्यालेल्या नावेतली वात पकडीनेही निघत नाही. ती वात त्यांनी डोळ्यांसमोर धरली, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून उपसत राहिले. त्यानंतर त्यांनी आपल्या धोतराचा सोगा ओढला आणि त्या एका हाताने, अंगठ्याने, तो फटीत कोंबायला लागले. एक वीत झाली की पुढची वीत. पाणी त्यांच्या कानापर्यंत आलं होतं तरी त्यांचा हात चालू होता. पाच माणसं पाणी फेकत होती आणि आडवा पडलेला माणूस एकटाच नाव दुरुस्त करत होता.

कोणी बुडालं नाही. गोविंदकाकांनी नाव धारेला सोडून खालच्या वळणाशी उथळ जागी घातली. आम्ही कमरेइतक्या पाण्यात उतरलो, बाबांना खांद्यावर घेतलं, आणि आमच्यामागे नाव शांतपणे तळाला बसली. काठावर सगळे धापा टाकत होते. मामाने दम खाल्ला आणि म्हणाला, "माह्या चार फयांतून थेंब नाई आला. पाहा पाहिजन तं. पानी सारं खालतून आलं." तो बचाव करत होता, आणि बोलला तेही खरंच होतं. त्याच्या फळ्या वर होत्या, पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. बाजारच्या माणसांतला एक डोकं पुसत म्हणाला, "मिस्तरीचा हात आधीच गेला असन. लकवा काय एका दिवसात येत नाई."

बाबा तिथेच, वाळूवर, दोन हातांच्या अंतरावर होते. समज शाबूत होती.

गोविंदकाका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बेबी, तीन दिवस पान्यात होती नं नाव?" त्यांनी हळू विचारलं. रागाने नाही. मिस्तरीचा हात गेला, हे त्यांनाही पटत नव्हतं. ती वेळ होती. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं, की नाही, नाव कोरडी होती, बाबांचा काही दोष नाही. मी मामाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, बाबांकडे पाहायचं टाळलं. मी रडायला लागले, आणि पोरीच्या जातीने रडायला सुरुवात केली की लोक प्रश्न विचारायचं थांबवतात. गोविंदकाका मान फिरवून निघून गेले. लकवा झालेला माणूस बोलू शकत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. मी धडधाकट होते.

नाव तशीच पाण्याखाली राहिली. पूर ओसरला, चौथ्या दिवशी गोविंदकाकांनी ती उपसली, नदीत सोडली. थेंब नाही. ते आमच्या दारात आले, बाजेवर पडलेल्या बाबांपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "मिस्तरी, नाव भल्ली पक्की हाये." बाबा कवेलूंकडे पाहत होते. ती नाव पुढे पूल होईपर्यंत चालली. पण गोविंदकाका कमी बोलणारे, आणि बाजारची तीन माणसं जास्त. काठाकाठाने गोष्ट गेली ती हीच, की शेवटी शेवटी मिस्तरीचा हात गेला होता. आजही त्या बाजूचा कोणी म्हातारा भेटला तर कौतुकाने सांगतो, तुझे वडील मोठे कारागीर, फक्त शेवटची नाव तेवढी फसली. मी म्हणते, हो ना. अजून म्हणते. दुसरं म्हणायचं तर सगळी कथा सांगावी लागते, आणि बसस्टँडवर कोणाला एवढा वेळ आहे.

बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. मामाला मी कधी काही बोलले नाही, मायलाही नाही. बाबांना सांगितलं, तेही दोन वर्षांनी. मी बडनेऱ्याहून सुट्टीत आले होते. माय पाणी आणायला नदीवर गेली होती. मी त्यांना दुधात कुस्करलेली भाकर भरवत होते, आणि घास हातात असतानाच तोंडातून निघालं, "बाबा, नाव बुडवली नव्हती. मले मालूम होतं. गोविंदकाकानं विचारलं तवा मीच हो म्हनलं. तुमी तिकडं गाडीखाली होते म्हनून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं तोंड हलायला लागलं. डावा ओठ वर गेला, जबडा थरथरला, मानेच्या शिरा ताणल्या. दोन वर्षांत इतकी धडपड त्यांनी कधी केली नव्हती. घशात काहीतरी येत होतं, तुटत होतं, परत येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहून उशीवर पडत होतं आणि डावा हात माझ्या दंडावर इतका घट्ट की नखं रुतली. एक अक्षर येऊ घातलं होतं. आलं असतं. अजून थोडी वाट पाहिली असती तर आलं असतं, असं मला आज, सत्तरीच्या जवळ आल्यावरही वाटतं. ते काय असेल याची मला भीती वाटली. मी म्हणाले, "राहू द्या, बाबा. नका बोलू. राहू द्या."

त्यांचा हात सैल पडला. मी त्यांचे डोळे पदराने पुसले आणि दुसरा घास पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं, घासासाठी.